रूसँचे काळे स्फटिक आणि आपल्या विहिरी

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय आला म्हणजे राजे, लढाया आणि तह यांची चर्चा व्हावी, अशी श्रोत्यांची स्वाभाविक अपेक्षा असते. आज आम्ही ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहोत, तो मात्र एका क्षाराचा इतिहास आहे. या क्षाराच्या शोधानंतर जवळजवळ शंभर वर्षे त्याचा कोणाला फारसा उपयोग झाला नाही. असे असता तो यवतमाळकर मंडळींपुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न योग्यच म्हटला पाहिजे. म्हणून आरंभी प्रयोजन सांगतो.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटच्या दूषणाने विशेष ग्रासलेले असे देशातील १५ जिल्हे नावानिशी दिलेले आहेत. त्यांत महाराष्ट्राचे ७ असून वर्धा, अमरावती, बुलढाणा, जळगाव, बीड व नांदेड यांच्या पंक्तीला आपला यवतमाळ जिल्हाही आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. हा ४५ चा आकडा कोठून आला, आणि त्याहून अधिक नायट्रेट पोटात गेल्यास कोणाला व का अपाय होतो, हे समजून घ्यावयाचे तर लोह, गंधक आणि नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू या तिघांच्या संबंधाचा इतिहास पाहावा लागतो. त्या इतिहासातील पहिल्या पदार्थांपैकी एक म्हणजे हा क्षार होय.

पांढरीतील सोरा

गावच्या पांढरीची माती शेतात टाकली की पीक जोम धरते, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शेकडो वर्षे माणसे व जनावरे एका जागी नांदली म्हणजे त्यांचे मलमूत्र जमिनीत मुरते, आणि जमिनीतील सूक्ष्म जीव त्यातील नत्राचे नायट्रेट बनवितात. अशीच माती पाण्यात भिजवून व ते पाणी आटवून पूर्वी सोरा काढीत. तोफेच्या दारूत सुमारे तीन-चतुर्थांश भाग या सोऱ्याचाच असे. उरलेला कोळसा व गंधक. सतराव्या व अठराव्या शतकांत युरोपातील व्यापारी कंपन्यांनी बिहारमधून जहाजे भरभरून सोरा नेला, तो याच कारणासाठी. त्या काळी नायट्रेट ही जगात दुर्मिळ आणि मोलाची वस्तू होती, एवढे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

नायट्रेट म्हणजे नत्राचा एक अणू आणि प्राणवायूचे तीन. यांतून प्राणवायूचा एक अणू गेला की नायट्राइट होते. आणखी एक गेला की उरतो तो नायट्रिक ऑक्साइड. नायट्रेट, नायट्राइट व नायट्रिक ऑक्साइड या एकाच जिन्याच्या तीन पायऱ्या आहेत, असे समजावयास हरकत नाही. नायट्रिक ऑक्साइड हा रंगहीन वायू असून हवा लागताच तपकिरी होतो. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७२ च्या सुमारास त्याचा बारकाईने अभ्यास केला. या वायूच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून एकटा राहिलेला असतो. म्हणून तो सदा जोडीदाराच्या शोधात असतो, आणि लोहाशी त्याची विशेष जवळीक आहे.

ही जवळीक आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिली आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत नायट्रेटचा द्राव घेऊन त्यात हिराकसाचे पाणी मिसळावयाचे, आणि नळी तिरपी धरून कडेने तीव्र गंधकाम्ल हळूच सोडावयाचे. दोन्ही द्राव जेथे भेटतात तेथे तपकिरी वलय दिसू लागते. वहीत ‘नायट्रेट आहे’ असे लिहून विद्यार्थी पुढल्या परीक्षेकडे वळतो. परंतु ते वलय कशाचे? नायट्रेटपासून सुटलेला नायट्रिक ऑक्साइड हिराकसातील लोहाला जाऊन चिकटला, त्याचे ते वलय होय.

सैन्यातील एक औषधज्ञ

आता १८५८ सालाकडे येऊ. आपल्या या जिल्ह्याचा बराचसा मुलूख त्या वेळी वऱ्हाड प्रांतात मोडत होता, आणि १८५३ च्या तहाने निजामाकडून तो इंग्रजांच्या ताब्यात आलेला होता. त्याच १८५८ साली इकडे कंपनीचे राज्य संपले. तिकडे फ्रान्समध्ये झकारी रूसँ नावाच्या एका औषधज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. रूसँ हा १८२७ साली जन्मलेला, फ्रेंच सैन्याच्या नोकरीतला गृहस्थ. विषप्रयोगाच्या खटल्यांत न्यायालयापुढे साक्ष देणारा तज्ज्ञ म्हणून पुढे त्याचे नाव झाले. तार्द्यू या वैद्याबरोबर विषबाधेवरील एका मोठ्या ग्रंथाचे काम त्याने केले, आणि कृत्रिम रंगांच्या धंद्यातही त्याने महत्त्वाचे शोध लावले.

१८५८ चा त्याचा प्रयोग तसा साधा होता. अमोनियम सल्फाइड व पोटॅशियम नायट्राइट यांच्या द्रावात त्याने लोहाचा क्षार मिसळला आणि मिश्रण उकळले. गाळून थंड केल्यावर त्यातून चकचकीत काळे स्फटिक निघाले. या काळ्या क्षाराला अल्कलीबरोबर तापविले असता दुसरा, तांबडा क्षार मिळाला. लोह, गंधक व नायट्रिक ऑक्साइड यांचा असा संयोग तोपर्यंत कोणी पाहिलेला नव्हता. पुढे हे दोन्ही पदार्थ ‘रूसँचा काळा क्षार’ व ‘रूसँचा तांबडा क्षार’ या नावांनी ग्रंथांत रूढ झाले. १८८२ साली पावेल नावाच्या रसायनज्ञाने त्यांचे पुन्हा परीक्षण करून तांबड्या क्षारापासून आणखी काही पदार्थ बनविले.

याच घराण्यातील एक भावंड त्याआधीच जन्मास आले होते. १८४९ साली लायन प्लेफेअर या ब्रिटिश रसायनज्ञाने सोडियम नायट्रोप्रसाइडाच्या वर्गातील क्षारांचे वर्णन केले. यांत लोहाभोवती पाच सायनाइड आणि एक नायट्रिक ऑक्साइड असतो. गंधकाच्या सल्फाइड रूपाशी गाठ पडताच त्याला सुंदर जांभळा रंग येतो. म्हणून तो गंधक ओळखण्याच्या कामी येऊ लागला. आपल्या देशातही नायट्राइटांच्या रसायनाला मोठी परंपरा लाभली. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९६ साली कलकत्त्यास मर्क्युरस नायट्राइट बनविले, आणि आयुष्यभर नायट्राइटांचा पाठपुरावा केला. आजही मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत रुथेनियम या धातूशी नायट्रिक ऑक्साइडाचे नाते कसे जुळते, यावर गौतमकुमार लाहिरी यांच्या गटाने पुष्कळ काम केलेले आहे.

तथापि रूसँचे क्षार मात्र बाटल्यांतच राहिले. त्यांची रचना कशी आहे हे कोणालाही उलगडत नव्हते, आणि उपयोग तर दिसतच नव्हता.

मांसाचा रंग आणि एक जंतू

यानंतरचा धागा सापडतो तो अगदी अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे खाटकाच्या दुकानात. युरोपात मांस टिकविण्यासाठी त्याला मीठ व सोरा चोळण्याची चाल फार जुनी आहे. असे मांस शिजविल्यावरही तांबडे राहते. १८९१ साली पोलेन्स्के या जर्मन शास्त्रज्ञास आढळले की, मुरवणीच्या पाण्यात सोऱ्याचे नायट्राइट झालेले असते. १९०१ साली जॉन स्कॉट हॉल्डेन याने रंगाचे कारण सांगितले: नायट्राइटपासून निघालेला नायट्रिक ऑक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहाला चिकटतो, आणि तो तांबडा रंग त्या संयोगाचा असतो. परीक्षानळीतील तपकिरी वलयाचाच हा रक्तातील अवतार म्हणावयाचा.

पण सोऱ्याने केवळ रंग येत नाही. डबाबंद मांसात वाढून मारक विष निर्माण करणारा क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा एक जंतू आहे. नायट्राइट त्याला वाढू देत नाही. १९६७ साली पेरिगो व त्याच्या सहकाऱ्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जंतूंच्या खाद्यद्रवात नायट्राइट घालून तो तापविला असता त्याची जंतुनाशक शक्ती कितीतरी पट वाढते. तापविल्याने नवे काय निर्माण होते, याचा शोध सुरू झाला, आणि संशयितांच्या यादीत शंभर वर्षांपूर्वीचा रूसँचा काळा क्षार येऊन बसला. कारण लोह, गंधक, नायट्राइट व उष्णता ही त्याची सारी सामग्री तेथे हजर होती. काळा क्षार या जंतूंना मारक ठरतो, हेही प्रयोगांनी दिसून आले. १९८३ साली अमेरिकेतील रेड्डी, लँकेस्टर व कॉर्नफोर्थ यांनी दाखविले की, नायट्राइटने बाधित झालेल्या जंतूच्या पेशीत लोह व नायट्रिक ऑक्साइड यांचे संयोग खरोखरीच तयार झालेले असतात. जंतूला ऊर्जा पुरविणारी जी लोह-गंधकयुक्त प्रथिने, त्यांच्यावरच हा घाला पडतो.

तुरीच्या मुळावरील गाठी

ही लोह-गंधकयुक्त प्रथिने कोणती, हे सांगण्यासाठी पुन्हा थोडे मागे जाणे भाग आहे. रूसँच्या निबंधाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या १९५८ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याच्या क्षारांची रचना प्रथमच स्पष्ट झाली. योहानसन व लिप्सकोम यांनी काळा क्षार उलगडला. त्यात लोहाचे चार, गंधकाचे तीन अणू आणि सात नायट्रिक ऑक्साइड असतात. एखाद्या तिपाईसारखी मांडणी: माथ्यावर लोहाचा एक अणू, खाली तीन, आणि त्यांना सांधणारे गंधकाचे तीन अणू. माथ्यावरील लोहाला एक, तर खालच्या प्रत्येकाला दोन दोन नायट्रिक ऑक्साइड. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने तांबड्या क्षारापासून बनविलेल्या पदार्थाची रचना प्रसिद्ध केली; तीत लोहाचे दोन व गंधकाचे दोन अणू मिळून शंकरपाळ्यासारखा चौकोन होतो.

आणि १९६२ साली एका जंतूपासून फेरेडॉक्सिन नावाचे प्रथिन वेगळे करण्यात आले. त्यात लोह व गंधक असल्याचे दिसून आले, आणि पुढे अशा कितीतरी प्रथिनांची ओळख पटली. त्यांतील काहींच्या गाभ्यात लोह-गंधकाचा तसाच शंकरपाळा आढळला! अर्थात प्रथिनातील शंकरपाळ्याला नायट्रिक ऑक्साइड जोडलेला नसतो. तो बाहेरून येऊन जोडला गेला, तर प्रथिनाचे काम बंद पडते. रूसँने जे काचेच्या भांड्यात बनविले, त्याच जातीचा संयोग सजीव पेशीत होऊ शकतो, ही गोष्ट १९६० च्या दशकाच्या मध्यास रशियातील व्हानिन आणि इतर संशोधक यांना दिसू लागली होती.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, म्हणून आपल्या शिवारातील एक दाखला देतो. तुरीचे किंवा हरभऱ्याचे झाड अलगद उपटून पाहा; मुळांवर बारीक गाठी दिसतील. एखादी गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी रंग आढळेल. त्या गाठीत राहणारे जंतू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. हे काम ज्या प्रथिनाने होते, त्याच्या गाभ्यात लोह-गंधकाचे गुच्छ आहेत; १९९२ साली त्याची रचना कळून आली. गुलाबी रंग ज्याचा, ते लेगहिमोग्लोबिन आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे नातलग असून त्यातही लोहच आहे. जमिनीत नायट्रेट फार झाले की अशा गाठी कमी धरतात व त्यांचे काम मंदावते. गाठीत निर्माण होणारा नायट्रिक ऑक्साइड लोहाला चिकटतो, हे त्याचे एक कारण समजले जाते. डाळीच्या पिकाला युरिया अधिक घालू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात, त्याच्या मुळाशी हेही रसायन आहे.

मित्र की वैरी?

येथवर ऐकून नायट्रिक ऑक्साइड हा केवळ विध्वंसक आहे, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर करणे अवश्य आहे. छातीत कळ येणाऱ्या रोग्यास नायट्रोग्लिसरिन देण्याची पद्धती १८७९ पासून चालत आली. ते कशामुळे लागू पडते, हे मात्र सुमारे शंभर वर्षे कळले नव्हते. १९७७ साली फेरिड मुराद याने दाखविले की, अशा औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यास आढळले की, रक्तवाहिनीचे आतले अस्तर स्वतःच तिला सैल करणारा एक पदार्थ सोडते; आणि १९८६–८७ च्या सुमारास तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, हे निश्चित झाले. मोटारीच्या धुरातील हा वायू आपल्या शरीरात क्षणोक्षणी तयार होतो, आणि एका प्रथिनातील लोहाला चिकटून रक्तवाहिनी सैल होण्याचा निरोप पोहोचवितो. फर्चगॉट, मुराद व लुई इग्नारो यांना याबद्दल १९९८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंवर सोडतात त्या अस्त्रांतही हा वायू आहे. जंतूंच्या लोह-गंधकाच्या गाभ्यावर तो जाऊन आदळतो.

प्लेफेअरच्या नायट्रोप्रसाइडाचे भाग्यही असेच उजळले. रक्तदाब एकाएकी अतोनात वाढलेल्या रोग्यास ते शिरेतून थेंबाथेंबाने देतात, आणि बाटली प्रकाशापासून झाकून ठेवतात. मात्रा चुकली तर त्यातीलच सायनाइड घातक ठरते. रूसँच्या क्षारांवर प्रकाश पडला असता त्यांतूनही नायट्रिक ऑक्साइड सुटतो. म्हणून हवा तेथे व हवा तेवढा वायू सोडण्यास ते वापरता येतील काय, याचे प्रयोग १९९० च्या दशकापासून चालू झाले. उलटपक्षी, अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण फार असलेल्या चीनमधील लिनशिएन भागात खारवलेल्या भाज्यांत रूसँच्या तांबड्या क्षारापासून होणारा एक पदार्थ सापडल्याचे १९८० साली प्रसिद्ध झाले. तोच त्या रोगाचे कारण, असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु रूसँचा पदार्थ माणसाच्या ताटापर्यंत पोहोचू शकतो, एवढे खचित.

निळे पडणारे बाळ

आता आपण आपल्या विहिरीच्या काठावर येऊ. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा प्रांतात हंटर कॉमली या डॉक्टरने तान्ह्या मुलांच्या एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मुले निळी-करडी पडत. हृदय वा फुप्फुस यांत दोष आढळत नसे. त्यांना वरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवून दिले जात होते, आणि त्या पाण्यात नायट्रेट अतिशय होते. पोटातील जंतूंनी नायट्रेटचे नायट्राइट केले. नायट्राइटने हिमोग्लोबिनमधील लोहाची अवस्था पालटली. आणि असे पालटलेले हिमोग्लोबिन, ज्याला मेथेमोग्लोबिन म्हणतात, ते प्राणवायू वाहून नेईनासे झाले. मोठ्या माणसाच्या रक्तात हे लोह पूर्ववत करणारी व्यवस्था भक्कम असते. पहिल्या सहा महिन्यांच्या बाळात ती कच्ची असते. म्हणून मोठ्यांना ज्या पाण्याने काही जाणवत नाही, त्याने बाळ गुदमरू शकते. वेळेवर ओळखल्यास मेथिलीन ब्लू हे औषध शिरेतून देऊन बाळाला वाचविता येते.

१९५१ साली अमेरिकेत अशा रोग्यांची पाहणी झाली. नत्राच्या हिशेबाने लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत नायट्रेट असलेल्या पाण्याने हा विकार झाल्याचे उदाहरण तीत आढळले नाही. दहा मिलिग्रॅम नत्र म्हणजेच सुमारे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट. आपल्या मानकातील आकड्याचा उगम हा असा तान्ह्या मुलांच्या दुखण्यात आहे. पुढील संशोधकांनी असेही दाखविले की, बाळाला हगवण लागली असता त्याच्या आतड्यातच नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार होतो, आणि त्यानेही हिमोग्लोबिन बिघडते. तेव्हा नायट्रेट व अस्वच्छ पाणी हे दोन वैरी बहुधा हातात हात घालून येतात.

हे नायट्रेट विहिरीत आले कोठून? १९०९ साली फ्रिट्झ हाबर याने हवेतील नत्रापासून अमोनिया बनविण्याची रीत साधली, आणि १९१३ पासून त्याचा कारखाना चालू झाला. जी वस्तू पूर्वी पांढरीच्या मातीतून खरवडून काढीत, ती युरियाच्या रूपाने पोत्यांनी मिळू लागली. जगाचे अन्न वाढले, हा तिचा उपकार विसरता येणार नाही. परंतु कापसाला वा गव्हाला दिलेल्या नत्राचा सर्व अंश पीक घेत नाही. उरलेल्याचे जमिनीत नायट्रेट होते. माती त्याला धरून ठेवीत नाही, आणि पावसाच्या पाण्याबरोबर ते खाली उतरते. त्यात विहिरीजवळचे उकिरडे, गोठे व शोषखड्डे यांची भर पडते. पूर्वीची दुर्मिळ वस्तू आता नको तेथे साचू लागली आहे.

यावर उपाय सांगताना एका गैरसमजाचा उल्लेख केलाच पाहिजे. पाणी उकळले की शुद्ध झाले, अशी आपली समजूत असते. जंतूंच्या बाबतीत ती खरी आहे. नायट्रेटच्या बाबतीत नाही. उकळल्याने पाणी आटते व नायट्रेट अधिकच दाट होते. तुरटीने किंवा ब्लीचिंग पावडरीने ते जात नाही. त्याला रंग, वास वा चव नाही, म्हणून डोळ्यांना व जिभेला त्याचा पत्ता लागत नाही. तपकिरी वलयाची परीक्षाही विहिरीचे पाणी मोजण्याचे साधन नव्हे. त्यासाठी नमुना पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतच दिला पाहिजे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात. जेथे आकडा ४५ च्या वर जाईल, तेथे बाळासाठी दुसऱ्या उद्भवाचे पाणी आणावे. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, हा वैद्यांचा सल्ला तर या बाबतीत दुहेरी हिताचा आहे. उकिरडा व शोषखड्डा विहिरीपासून दूर असावा, आणि युरिया एकदम न देता पिकाच्या गरजेप्रमाणे थोडाथोडा द्यावा, म्हणजे शेतकऱ्याचा पैसाही वाचतो आणि पाणीही.

रूसँला आपले काळे स्फटिक कोणत्या कामी येतील, याची कल्पना नव्हती. त्याने ते बनविले, तपासले आणि प्रामाणिकपणे लिहून ठेवले. मांस टिकविणारा, जंतू मारणारा, हृदय सावरणारा आणि बाळाला निळे पाडणारा वायू लोहाशी कसा वागतो, हे समजण्यास त्याचे व त्याच्यासारख्यांचे लिहून ठेवलेले ज्ञान उपयोगी पडले. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत दरवर्षी शेकडो विद्यार्थी ते तपकिरी वलय पाहतात. त्यांनी आपापल्या गावच्या विहिरीचा एकेक नमुना प्रयोगशाळेत नेऊन दिला आणि आलेला आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला, तर कोणत्या विहिरीचे पाणी बाळाला द्यावयाचे नाही, हे गावातील प्रत्येक आईला कळेल. ते काम या उन्हाळ्यातच, पावसाचे पहिले पाणी विहिरीत उतरण्यापूर्वी सुरू व्हावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.